खाली थांबणारी माणसं

उस्तादांना उडी मारता येणार नाही, असं तुकडीच्या डॉक्टरनं सांगितल्याचं कळलं, तेव्हा ताईला आधी सुटल्यासारखं झालं, आणि पाठोपाठ त्या सुटल्यासारखं होण्याची लाज वाटली.

रविवारची दुपार होती. जेवणं आटपली होती आणि ताटं उचलायचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. पडद्यातून गाळून आलेला उजेड टेबलावर सांडलेल्या दुधासारखा पसरला होता. निरोप घेऊन आलेला तरुण कॅप्टन बराच वेळ दारातच घुटमळला. आईनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, तरी तो खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखाच बसला. तपासणीत दिसलं ते त्यानं थोडक्यात सांगितलं. उस्तादांचं हृदय मधूनच एखादा ठोका गाळतं. जमिनीवर ते चालून जाईल, वर चालणार नाही.

"गाळू दे की," उस्ताद म्हणाले. "मी कधी तक्रार केली?"

कोणी हसलं नाही. उस्ताद म्हणजे ताईचे वडील. मुलं त्यांना अण्णा म्हणत, पण तुकडीत शिकवायला लागल्यापासून त्यांना उस्ताद हे नाव पडलं होतं, आणि ते छावणीचं फाटक ओलांडून बाजारापर्यंत पोचलं होतं. दूधवाला उस्ताद म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, चिडली की आईसुद्धा म्हणायची.

तुकडीला पन्नास वर्षं होत होती, त्याचा हा सगळा घोळ. पहिल्या फळीतल्या एकानं पुन्हा एकदा आकाशातून मैदानावर उतरावं, अशी वरच्या साहेबांची कल्पना होती. एकट्यानं नव्हे, पाठीशी एक शिक्षक बांधून, दोघांत मिळून एक हवाई छत्री. पहिल्या फळीतले तिघेच उरले होते. एकाची नजर गेली होती, दुसरा लेकीकडे परदेशात पडून होता. राहता राहिले उस्ताद. महिनाभर त्यांची चाल बदलली होती. सकाळी अंगणात हात फिरवताना ते दिसायचे आणि ताई नजर दुसरीकडे वळवायची.

या उडीवरून घरात उभी फूट पडली होती. सूनबाई सासऱ्यांच्या बाजूनं; तिच्या शाळेतली मुलं आजोबांची उडी बघायला येणार होती, आणि तिला सासरे मुळातच आवडायचे. भाऊ, ताईचा धाकटा भाऊ आणि सूनबाईचा नवरा, कडाडून विरुद्ध. तो दातांचा डॉक्टर. सैन्याच्या परीक्षेला बसणार नाही असं त्यानं वडिलांना तोंडावर सांगितलं, तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. ताई कुंपणावर. आणि आईनं तर जणू मूग गिळले होते.

कॅप्टन या घराला नवा नव्हता. तुकडीचा इतिहास लिहायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, म्हणून दोन महिने तो उस्तादांसमोर रेकॉर्डर ठेवून बसायचा. इतिहास म्हणजे काय, तर एक हरलेली लढाई. नदीपलीकडे काय आहे हे ठाऊक नसताना फौज पूल ओलांडून गेली, आणि पलीकडे तिची वाटच बघत बसलेले लोक निघाले. त्यानंतर एका कर्नलनं हट्ट धरला, की फौजेच्या आधी जाऊन गुपचूप बघून येणारी माणसं हवीत. प्रत्येक पलटणीकडे माणसं मागितली. पलटणींनी आपल्याला नको होते ते पाठवले: उलट उत्तरं देणारे, एकलकोंडे, आणि झोपेत चालणारा एक. त्यांना कापसाच्या रिकाम्या गोदामात ठेवलं, चालवलं, उपाशी ठेवलं, पुन्हा चालवलं. बहुतेक परत गेले. उरले त्यांना ना बिल्ला मिळाला ना वेगळी टोपी. मिळाली ती फक्त ताकीद, की कुठे जाता, काय करता, हे घरी सांगायचं नाही. बाकीच्या छावणीनं त्यांचं नाव ठेवलं मुक्यांची पलटण, आणि ते चिकटलं.

ही माणसं विमानातून शत्रूच्या पाठीमागे उतरायची, डोंगरात दडून बसायची, रस्त्यावरून काय जातं ते बघायची आणि गुपचूप परत यायची. गोळी झाडावी लागली तर काम फसलं असं धरायचे. पुढे कामं वाढली. ओलीस धरलेली माणसं सोडवून आणायची, पुरात अडकलेली गावं गाठायची. आता तर डोंगरात बसून बघायचं काम उडती यंत्रं करतात, आणि कॅप्टनसारखी पोरं त्या यंत्रांनी बघितलेलं बघत बसतात. "पण शेवटी दार आम्हीच ठोठावतो," कॅप्टन म्हणायचा.

उस्ताद बोलायचे आणि आई स्वयंपाकघरातून दुरुस्त करायची. तुकडी पुढे त्याच पुलापलीकडे गेली, ती मोहीम थंडीच्या सुरुवातीला झाली, असं ते म्हणाले की आतून आवाज यायचा, नाही, तेव्हा ताईला गोवर आला होता, म्हणजे उन्हाळा. मग कॅप्टन दोन्ही नोंदवून घ्यायचा. तुकडीच्या जुन्या कामांच्या तारखा कुठेच धड लिहिलेल्या नव्हत्या. त्या आईकडे होत्या, गोवर, गळकं छप्पर आणि दात येणं यांच्या हिशोबानं.

तर त्या रविवारी कॅप्टनचा निरोप सांगून झाला, उस्ताद चहात बघत बसले, आणि आई ताटं गोळा करायला उठली. एकावर एक ताटं रचता रचता ती म्हणाली, "मग ती जागा रिकामीच राहणार का?"

"बघू, आजी. कदाचित रद्दच करतील."

"रद्द कशाला? मी जाते."

कॅप्टनला वाटलं थट्टा आहे. तो हसला, मग आईच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. आई तशी थट्टेखोर, पण थट्टा करताना तिच्या हातात कधी काम नसायचं. आता तिच्या हातात ताटं होती.

मग जे व्हायचं ते झालं. उस्ताद उठून उभे राहिले. वेड लागलंय का, ही काय बागेतली घसरगुंडी आहे का, दरवाजा उघडल्यावर काय वाटतं हे हिला माहीत तरी आहे का, असं बरंच बोलले. भाऊनं लगेच री ओढली. त्यानं हाडांचं वय सांगितलं, पाय मोडला तर किती महिने लागतात ते सांगितलं. बाप आणि लेक एकाच बाजूनं बोलतायत हे दोघांच्याही जरा उशिरा लक्षात आलं, आणि दोघंही अडखळले. सूनबाईनं मात्र शांतपणे विचारलं, की आईंच्या तब्येतीला डॉक्टर काय म्हणतात ते आधी विचारायला नको का? नाही म्हणायला सगळे आहेतच.

"तुला माहीत नाही तिथे काय असतं," उस्ताद बायकोला म्हणाले.

"तेच तर," आई म्हणाली, आणि ताटं घेऊन आत गेली.

कॅप्टन खाली मान घालून बसला होता. जाताना तो फाटकापाशी ताईला हळूच म्हणाला, की नियमाचा कागद त्यानंच तयार केलाय. पहिल्या फळीतला सैनिक किंवा त्याच्या कुटुंबातील सदस्य, असं त्यात आहे. "आमच्या मनात मुलगे होते हो, ताई," तो म्हणाला.

तुकडीच्या डॉक्टरनं आईला तपासलं आणि तिचं हृदय, कान, गुडघे, सगळं पास केलं. तो म्हणे दोनदा तपासून म्हणाला, की या बाई रोज काय करतात? जिने चढते, आई म्हणाली. साहेबांनी आधी डोक्याला हात लावला, मग सही केली.

उस्तादांनी अबोला धरला. मुक्यांच्या पलटणीचा माणूस, त्याला ते अवघड नव्हतं. भाऊ मात्र एका संध्याकाळी दवाखाना बंद करून आला, स्वयंपाकघरात आईशी भांडायला म्हणून गेला आणि बाहेर आला तो पार उतरलेला. ताई गॅलरीत कपडे काढत होती. तो तिच्याशेजारी उभा राहून चिमटे गोळा करायला लागला.

"मी तिच्या बाजूनं आहे," तो म्हणाला.

ताईनं कारण विचारलं नाही. तोच सांगायला लागला. लहानपणी अण्णा कुठे आहेत असं विचारलं, की आई म्हणायची, वर. बोट करून. शेजारच्या मुलाचा बाप वारला होता, तोही वरच होता. तेव्हा भाऊची खात्री पटली होती की आपलाही गेलाय, आणि हे आपल्याला सांगत नाहीत. तो कोणाला काही बोलला नाही. एक दिवस शाळेतून आला तर अण्णा ओसरीवर बूट काढत बसलेले. तो घाबरून परत पळाला होता.

"आत्ता मी तिला ते सांगितलं," भाऊ म्हणाला. "तर ती म्हणते, मलाही कुठे माहीत होतं? मी आपली अंदाजानं बोट करायचे."

ताई छावणीच्या घडीघरात मुख्य होती. घडीघर म्हणजे छत्र्यांच्या घड्या घालायचं लांबलचक दालन. लांब टेबलं, उंच खिडक्या, आणि कापडाची सतत होणारी सळसळ, जणू कोणी झोपेत कूस बदलतंय. इथला नियम असा, की जो घडी घालतो त्यानं आपण घातलेली कुठलीही छत्री पाठीवर घेऊन उडी मारायला तयार असलं पाहिजे. त्यामुळे ताईही वरून खाली आलेली होती, एकदा नव्हे, अनेकदा. घरी त्याचा कधी गवगवा झाला नाही. उस्तादांनी पहिल्या उडीनंतर तिच्या डोक्यावर टपली मारली होती, आणि आईनं तिच्या पुढ्यात ताट वाढलं होतं.

जवळच्या माणसाच्या छत्रीची घडी आपण घालायची नाही, अशी एक न लिहिलेली रीतही तिथे होती. हात थांबतो म्हणून. ताईनं ते काम तपासनीस बाईंवर सोपवलं होतं. पण उडीच्या आदल्या दिवशी आई डबा घेऊन घडीघरात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तू घाल."

"आई, रीत आहे इथली."

"असू दे. त्या बाई बघतील की तू नीट घालतेस का ते."

तपासनीस बाईंनी खांदे उडवले. मग ताईनं छत्री टेबलावर पसरली. निळसर पांढरं कापड, खिडकीतून येणाऱ्या उन्हानं आतून पेटल्यासारखं. तिनं दोऱ्या हातातून सरकवत नेल्या, एकेक, गुंता नाही हे बोटांना पटेपर्यंत. कापडाचे कप्पे एकावर एक आणले. आई हनुवटीवर हात टेकून बघत होती. दालनात दुपारची पेंग पसरली होती, आणि बाहेर कोणीतरी एकसुरात कवायतीची आज्ञा देत होतं, ती फार लांबून आल्यासारखी वाटत होती.

"भीती नाही वाटत?" ताईनं विचारलं. घड्या घालताना बोलायचं नाही हा दुसरा नियमही त्या दिवशी मोडला.

आईनं डब्याचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाली, "तुझे वडील गेले की मला एकच स्वप्न पडायचं. ते खूप वरून येतायत. छत्री उघडलेली असते, तसं काही वाईट नसतं त्यात. हळूहळू येत असतात. मी खाली उभी असते. आणि आता टेकणार, पाय लागणार, की मला जाग यायची. दर वेळी. नंतर ते घरी यायचे, शेजारी घोरत असायचे, तरी माझ्या स्वप्नातले वरच."

"अजून पडतं?"

"परवाच पडलं." तिनं कापडावरून बोट फिरवलं. "ते काही उतरत नाहीत. म्हटलं, आपणच उतरून बघू."

ताईचा हात खरंच थांबला. तिनं तो कापडावर पालथा ठेवला, गार होईपर्यंत ठेवला, आणि मग पुढची घडी घातली. तपासनीस बाईंनी प्रत्येक वळण बघितलं, प्रत्येक रबर ओढून बघितलं आणि शिक्का मारला.

त्या दिवशी ताई आईला सोडायला घरी गेली. कपडे बदलून आई स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर चढली आणि खाली उडी मारली. धप्प आवाज झाला. पुन्हा चढली. उस्ताद खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत होते. तिसऱ्या धप्पला त्यांनी पेपर खाली ठेवला.

"गुडघे जुळव," ते म्हणाले. आठवड्याभरातला त्यांचा पहिला शब्द. "पाय खाली, गुडघे एकत्र, आणि अंग सैल सोड. पोत्यासारखं."

"पोतं कोणाला म्हणता?" आई म्हणाली, पण गुडघे जुळवले. अंधार पडेस्तोवर दोघांचं तेच चाललं होतं. ताई चप्पल हातात घेऊन पाय न वाजवता निघून आली.

समारंभाच्या सकाळी धुकं होतं. मैदान, तंबू, झेंडे, खुर्च्या, सगळं अर्धवट पुसलेलं. माणसं धुक्यातून उगवायची, ओळख पटेपर्यंत परकी वाटायची आणि मग एकदम आपली व्हायची. सूनबाईची शाळेतली मुलं गवतावर बसून आकाशाकडे बघत होती, आणि आकाश कुठेच नव्हतं.

आई उडीचा पोशाख घालून आली, बाह्या दुमडलेल्या, नवे बूट. तिच्याबरोबर उडी मारणारा शिक्षक ताडमाड उंच; त्याला सगळे उंट म्हणायचे. आई त्याच्या छातीलाही लागत नव्हती. त्यानं तिला पुन्हा एकदा सगळं समजावलं, आणि ती शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत राहिली. मग ती उस्तादांसमोर आली. उस्तादांनी तिच्या खांद्यावरचा पट्टा ओढून बघितला. तो आधीच घट्ट होता. धुकं थोडं विरळ झालं, विमान घरघरत धावपट्टीच्या टोकाला गेलं, आणि त्या पांढऱ्यात शिरून दिसेनासं झालं.

साहेबांचं भाषण सुरू झालं. कॅप्टननं लिहिलेला इतिहास ते वाचत होते. कापसाचं गोदाम आलं, पूल आला, पूर आला. पूल उन्हाळ्यात आला, हे ताईच्या कानानं टिपलं. उस्तादांचं नाव आलं, टाळ्या झाल्या, माना वळल्या. उस्ताद खुर्चीत नव्हते.

ते कडेच्या दोरीपाशी उभे होते, वर बघत. ताई त्यांच्याशेजारी जाऊन थांबली.

"वारा किती आहे?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. फार नाही.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मग पुन्हा. विमानाचा आवाज वर कुठेतरी होता, कधी डावीकडे, कधी मागे, कापसात गुंडाळल्यासारखा. मग तोही गेला. ताईला आपले हात कुठे ठेवावेत कळेना. गेल्या कित्येक वर्षांत त्या हातांनी घडी घातलेल्या छत्र्या उघडल्या होत्या, त्यातली एकही तिला आता आठवत नव्हती. आठवत होता तो मध्येच थांबलेला हात.

उस्तादांनी तिचा कोपर धरला. पकड अजून लोखंडी होती.

"असं असतं होय," ते म्हणाले.

ताई वरच बघत राहिली.

"आणि हिला तर कुठे बघायचं तेही माहीत नसायचं."

त्यांचा आवाज इतका साधा होता, की ताईनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात मुलं ओरडली. धुक्याच्या वरच्या थरात एक फिकट डाग दिसला, पेल्यातल्या पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसा. तो मोठा झाला, त्याला आकार आला, निळसर पांढरा चौकोन आला, आणि त्याखाली दोन जिवांचा एक ठिपका लोंबत होता. छत्री उघडली होती. ताईचा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडायच्या आत छत्री सरकायला लागली. वर वारा होता. ती मैदानावरून तिरकी, सावकाश, कुठे जायची घाई नसल्यासारखी निघाली, कुंपणापलीकडच्या झाडांच्या रांगेवरून गेली, आणि झाडांमागे उतरून नाहीशी झाली.

छत्री दिसताच सुरू झालेला बँड थांबला. कोणीतरी हातातल्या वायरलेसवर विचारत होतं आणि त्यातून नुसती खरखर येत होती. मग सगळ्यांना दिसला तो पळणारा भाऊ. समारंभाचा सूट, चकाकते बूट, टाय खांद्यावर, आणि तो दातांचा डॉक्टर झाडांच्या दिशेनं असा सुटला होता, जसा तो लहानपणीही कधी पळाला नव्हता. उस्तादांनी दोरी उचलली आणि खालून वाकून निघाले. ताईला त्यांना थांबवायचं होतं, गाळलेला ठोका तिच्या मनात वाजत होता. पण ते पळत नव्हते. लांब, मोजक्या पावलांनी चालत होते, वर्षानुवर्षं चालले होते तसे, आणि तिला त्यांच्या बरोबरीनं जाताना धाप लागली.

झाडांमागे कोबीचं शेत होतं. ओल्या मातीच्या सरींवर छत्री अंथरल्यासारखी पसरली होती, आणि तिच्या कडेला कोबीच्या गड्ड्यांमध्ये आई बसली होती. एका पायात बूट नव्हता. तोंडावर चिखलाचा शिंतोडा होता. भाऊ तिचा घोटा हातात घेऊन गुडघ्यावर बसला होता, आणि शेजारी उंट अपराध्यासारखा उभा होता.

"आजींना सांगितलं होतं, पाय उचला," तो उस्तादांना म्हणाला. "या छत्रीत पाय वर घ्यायचे असतात. मी टेकतो, त्या बसतात. त्यांनी खाली ठेवले. गुडघे जुळवून."

उस्तादांनी पसरलेल्या चौकोनी छत्रीकडे बघितलं. त्यांच्या काळच्या गोल छत्र्या वेगळ्या होत्या.

"जन्मात एकदा तुमचं ऐकलं," आई त्यांना म्हणाली, "तर पाय मुरगळला."

आधी भाऊ हसला, मग ताई, आणि ताईचं हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा तिनं खाली वाकून छत्रीची कड गोळा करायला घेतली. मोडलंय का, असं उस्तादांनी भाऊला विचारलं. नाही, नुसतं मुरगळलंय, भाऊ म्हणाला. "पण मी दातांचा," असंही त्यानं जोडलं. उस्तादांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. तो आधार घेण्यासाठी ठेवला की आणखी कशासाठी, ते भाऊला कळलं नसावं. पण घोटा तपासून झाला तरी तो तसाच बसून राहिला, खांदा न हलवता.

दुपारी घरी आले तेव्हा धुकं पूर्ण गेलं होतं आणि पिवळं, आळसावलेलं ऊन पडलं होतं. आईला दिवाणावर बसवलं, पायाखाली उशी, घोट्यावर बर्फ. भाऊ आणि सूनबाई औषध आणायला गेले. ताईनं चहा टाकला. स्वयंपाकघराच्या दारातून तिला बाहेरची अर्धी खोली दिसत होती: आईचा उंच ठेवलेला पाय, आणि समोर खुर्ची ओढून बसलेले अण्णा.

आई सांगत होती. दरवाजा उघडला तेव्हा आवाज इतका मोठा होता, की आवाजच नाही असं वाटलं. मग छत्री उघडली आणि खरंच आवाज गेला. ढगाच्या आत सगळं पांढरं. वर काय, खाली काय, काही कळेना. चेहऱ्यावर ओल जाणवायची. मागे बांधलेला तो उंट श्वास घेतोय एवढंच ऐकू यायचं. आपण उतरतोय की तरंगतोय, का तसेच राहिलोय, ते समजत नव्हतं. तिला वाटलं, असंच चालू राहिलं तरी चालेल.

"मग?" अण्णांनी विचारलं.

मग एकदम तळ फुटल्यासारखं झालं आणि सगळं खाली होतं. नदी होती, ती एवढी वाकडी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. छपरं होती, त्यावर वाळत घातलेले कपडे. रस्त्यावर एक लाल छत्री चालली होती, साधी, पावसाची. "ती बाई थांबली आणि वर बघितलं तिनं," आई म्हणाली. "मी हात केला. तिला दिसला की नाही, देव जाणे. तुम्हाला दिसायची का माणसं?"

अण्णा विचार करत राहिले. "आम्ही कुठे टेकायचं तेवढीच जमीन बघायचो," ते म्हणाले. "नदी असायची. बघितली असं नाही." आणि मग म्हणाले, "तुझी सांग. आपल्या इथल्या पुलाच्या अलीकडे वळते ना ती?"

"अलीकडे वळते, मग परत येते. आणि त्या वळणावर एक..." आईनं डोळे मिटले, नीट आठवावं म्हणून. ऊन तिच्या गालावर आलं होतं. "एक बेट आहे. एवढंसं. त्याच्यावर झाड..."

ताई कप घेऊन बाहेर आली तेव्हा अण्णा वाकून बसले होते, कान पुढे करून. आईचा श्वास संथ झाला होता आणि तोंड किंचित उघडं होतं.

अण्णांनी हातानं ताईला तिथेच थांबवलं.

"झाडापर्यंत आली होती," ते कुजबुजले. "उठली की पुढचं सांगेल."

ताईनं त्यांचा चहा आवाज न करता खाली ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून ते आईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत वाट पाहत बसले.